चालत्या गाडीत इंजिन मध्येच मरतं, तपासलं तर सगळं ठीक: जुन्या इग्निशन वायरिंगमधला लपंडाव कसा पकडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉइंटवाल्या इग्निशनची (म्हणजे उघडमीट करणारे पॉइंट कॉइलचा करंट जोडतात-तोडतात) चार सिलिंडरची जुनी गाडी, १२ व्होल्टची. चालता चालता इंजिन क्षणभर मरतं आणि पुन्हा पकडतं. कधी पूर्ण बंद पडतं आणि १०-१५ मिनिटांनी काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू होतं. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग सगळं नवं टाकून झालं, तरी फरक नाही. मीटर लावला की कॉइलवर १२ व्होल्ट दिसतात. मग आता काय बदलायचं?

आता काहीही बदलू नका. बदलत राहिलात तर जुन्या दोषात नव्या पार्टचा दोष मिसळेल. (हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा बघता ही नुसती भीती नाही. काढलेला जुना कंडेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा.) कोणता पार्ट खराब आहे हे नंतर बघू. इंजिन मरतं त्या क्षणी करंट नेमका कुठे थांबतो, ते आधी शोधायचं आहे. आतापर्यंतची सगळी तपासणी गाडी सुरळीत असताना झाली आहे, त्यामुळे सगळं सुरळीतच दिसणार.

त्या १२ व्होल्टवर आधी बोलू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. बॅलास्ट (वाटेतला वेगळा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्ट कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीचा करंट घेणाऱ्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, म्हणजे पॉइंट बंद (एकमेकांना टेकलेले) असताना तिच्यातून जवळपास ४ अँपिअर वाहतात. समजा वाटेत एका गंजलेल्या जोडावर १ ओहम आहे. पॉइंट मिटले की करंट ३ अँपिअरवर येतो, ३ व्होल्ट त्या जोडातच जिरतात आणि कॉइलला ९ मिळतात. पण इंजिन पॉइंट उघडे असताना थांबलेलं असेल तर करंट वाहतच नाही. करंट नाही तर जोडावर व्होल्टेज पडत नाही, आणि मीटर कॉइलवर खुशाल पूर्ण १२ दाखवतो. एकाच तारेवर लटकलेला जोडसुद्धा अशा वेळी पास होतो. इग्निशनच्या पुरवठ्याचं माप पॉइंट बंद ठेवूनच घ्यायचं. मात्र चावी एका वेळी दोनेक मिनिटांपेक्षा जास्त ऑन ठेवू नका, कॉइल आणि पॉइंट दोन्ही तापतात.

पुढचे आकडे वापरण्याआधी तुमची गाडी कुठल्या प्रकारात बसते ते ठरवा. कॉइल बॅलास्टची असेल, म्हणजे प्रायमरी १.५ ओहमच्या आसपास आणि पुरवठ्याच्या वाटेत वेगळा रेझिस्टर किंवा रेझिस्टन्स वायर, तर पॉइंट बंद असताना कॉइलच्या पॉझिटिव्हवर ६ ते ८ व्होल्ट दिसणं हेच बरोबर आहे. तो दोष समजून थेट १२ व्होल्ट जोडू नका, पॉइंट जळतील. गाडी ६ व्होल्टची असेल तर तिचे आकडे अर्थातच वेगळे. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असू शकतो. तिथे मी ज्याला पॉझिटिव्ह म्हणतो आहे ते स्विचकडून येणारं टर्मिनल समजा आणि मीटरच्या पिना उलट लावा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल, तर मॉड्यूलला पुरवठा बॅलास्टच्या आधीहून दिला आहे ना ते पाहा. नंतरहून दिलेलं मॉड्यूल गार असताना चालतं आणि गरम झाल्यावर दगा देतं.

वायरचे रंगही गृहीत धरू नका. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट, कायम जिवंत लाइन, पांढरी म्हणजे चावीनंतरची इग्निशनची, काळी म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेली परतीची लाइन). जर्मन पद्धतीत बरोबर उलटं: तपकिरी अर्थ आणि काळी चावीनंतरची. तिथे टर्मिनलचे नंबर जास्त भरवशाचे. ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, १ म्हणजे कॉइलची पॉइंटकडची बाजू, ३१ म्हणजे अर्थ.

आता गाडी स्वतः काय सांगते ते ऐका. इग्निशनची लाइन तुटली की इंजिन बटण दाबल्यासारखं मरतं आणि तसंच धक्क्याने परत येतं. पेट्रोल कमी पडलं तर बहुतेक वेळा आधी ओढ कमी होते, आचके येतात, मग बंद पडते. हा नियम पक्का नाही, पण सुरुवातीला उपयोगी आहे. खड्ड्यावर मरत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, अमीटरचे नट, बुलेट कनेक्टर (नळीत खोचायचे गोल टोकांचे जोड), चावीचा स्विच. वळणावर किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना मरत असेल तर इंजिन रबर माउंटवर हलतं तेव्हा ताणल्या जाणाऱ्या वायरी आणि अर्थची पट्टी. आरामात एकसारखा वेग ठेवला असतानाच त्रास होतो आणि आयडलला कधीच नाही, तर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरला स्पार्क वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) आत बघायचं, त्याचं कारण पुढे येईल. फक्त गरम झाल्यावर होत असेल तर कॉइल, कंडेन्सर, मॉड्यूल किंवा स्विच. स्टार्टर फिरवताना पेटते आणि चावी सोडताच मरते, तर स्विचचा चालू स्थितीतला कॉन्टॅक्ट नाहीतर तुटलेला बॅलास्ट, तिसरं सहसा काही नसतं.

तुमच्या वर्णनात क्षणभराचा झटका आणि पूर्ण बंद पडून १५ मिनिटांनी सुरू होणं, अशा दोन्ही गोष्टी आहेत. ते एकाच दोषाचे दोन अवतार असतीलच असं नाही. पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत निर्वात होतो, गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालते. म्हणून पुढच्या वेळी बंद पडल्यावर झाकण सैल करून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर निम्मं काम तिथेच झालं.

साक्षीदार दिवे

रस्त्यावर क्षणभर घडणारा दोष साध्या डिजिटल मीटरने पकडता येत नाही. त्याचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. मी दिवे वापरतो. १२ व्होल्ट ५ वॉटचे दोन बल्ब होल्डरसह, प्रत्येकाच्या लाइनमध्ये २ अँपिअरचा फ्यूज, आणि डॅशबोर्डपर्यंत पुरेल इतकी १ चौरस मिमीची वायर. पहिला दिवा कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून अर्थला, बॅलास्ट असेल तर बॅलास्टच्या आधीच्या टोकावरून. दुसरा इग्निशन स्विचच्या बाहेर येणाऱ्या टर्मिनलवरून अर्थला. अर्थ शक्यतो बॅटरीच्या टर्मिनलवरूनच घ्या, म्हणजे बॉडीच्या अर्थचा दोष मध्ये येणार नाही. दोन्ही दिवे विंडस्क्रीनच्या खाली दिसतील असे टेपने बसवा. शक्य असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही दिव्यांकडे बघा. मोकळा रस्ता निवडा, कारण गाडी बंद पडावी हाच हेतू आहे.

झटका आला आणि दोन्ही दिवे विझले, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या आधी, बॅटरीच्या बाजूला. फक्त कॉइलचा दिवा विझला किंवा मंदावला, तर स्विच आणि कॉइल यांच्यामध्ये. दोन्ही जळतच राहिले, तर पुरवठा निर्दोष आहे आणि दोष कॉइलपासून पुढे किंवा पेट्रोलमध्ये. मंदावणंही महत्त्वाचं आहे. त्याच लाइनमधून कॉइलचे ४ अँपिअर जात असल्यामुळे वाईट जोड नुसता तुटतोच असं नाही, तो दिवा पिवळा पाडूनही चुगली करतो.

असाच बल्ब कॉइलच्या निगेटिव्हवर लावून गाडी चालवण्याचा मोह होईल. तो टाळा. पॉइंट उघडताना तिथे काहीशे व्होल्टचा झटका येतो आणि त्यावरच स्पार्क बनतो. बल्ब तो झटका पिऊन टाकतो, स्पार्क दुबळा होतो आणि तुम्ही नवाच दोष तयार करता. इंजिन सुरू न करता नुसतं स्टार्टरने फिरवून बल्ब लुकलुकतो का, एवढं बघायला हरकत नाही. चालत्या गाडीत त्या बाजूसाठी टॅकोमीटर चांगला. तो कॉइलच्या निगेटिव्हवर जोडलेला इलेक्ट्रॉनिक प्रकारचा असेल तर गाडी गिअरमध्ये, क्लच सोडलेला, म्हणजे चाकं इंजिनला फिरवत आहेत अशा स्थितीत झटक्याच्या वेळी काटा बघा. दिवे जळत आहेत आणि काटा एकदम शून्यावर पडला, तर दोष कॉइलची प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरकडची वायर किंवा पॉइंट. दिवे जळत आहेत आणि काटा खरा वेग दाखवतो आहे, तर प्रायमरी चालू आहे. मग रोटर, कॅप, एचटी लीड (स्पार्कची जाड हाय टेन्शन वायर) किंवा कार्ब्युरेटरकडे वळा. केबलने फिरणाऱ्या टॅकोमीटरचा यात उपयोग नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत टॅकोमीटर करंट मोजणारा असतो, म्हणजे कॉइलला जाणारी पांढरी वायर त्याच्या मागून वळसा घालून पुढे जाते. तिथे तो वळसा आणि त्याचे जोड हेही संशयित.

गाडी पूर्ण बंद पडली तर चिडू नका, ती सोन्यासारखी संधी आहे. कुठलीही वायर हलवू नका. हललेला जोड स्वतःच बरा होतो आणि पुरावा जातो. चावी ऑन ठेवा, मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर. कॉइलच्या पॉझिटिव्हवर काहीच नाही, तर पुरवठा तुटला. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हीवर १२, तर करंट वाहत नाही, म्हणजे पॉइंट उघडे आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये लाइन तुटली. इंजिन थोडं फिरवून पॉइंट बंद झाल्यावरही १२ च राहिले तर तुटलीच. निगेटिव्हवर शून्य असेल आणि पॉइंट उघडल्यावरही ते हलत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरकडची बारीक वायर कॉइलवरून काढा. आता निगेटिव्हवर १२ आले तर शॉर्ट त्या वायरमध्ये, पॉइंटमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये. तरीही शून्य, तर कॉइलची प्रायमरी आतून तुटली आहे. गार झाल्यावर हीच कॉइल ३ ओहम दाखवेल, म्हणून हे माप गरम असतानाच घ्यायचं. टॅकोमीटरची वायर निगेटिव्हवर असेल तर तीही काढून बघा. डॅशबोर्डमागे तिचं टोक बॉडीला लागलं की स्पार्क जातो आणि कोणी तिच्यावर संशय घेत नाही.

बॅटरीवरून कॉइलला थेट वायर टाकून चालवून बघा, असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. उपाय चालतो, पण काही पथ्यं आहेत. लाइनमध्ये बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज हवा. कॉइलची मूळ पुरवठ्याची वायर काढून तिचं टोक टेपने बंद करा, नाहीतर सगळी इग्निशन लाइन उलटी त्या वायरमधून चालेल. बॅलास्ट असेल तर वायर बॅलास्टच्या आधी जोडा. आणि चावीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून हाताशी एक स्विच ठेवा. दिव्यांनंतर खात्री करायला मी हे करतो. पहिलं पाऊल म्हणून नाही, कारण दोष आठवड्यातून एकदा येत असेल तर तो गेला की नुसता दबा धरून बसला आहे ते यातून कळत नाही.

बाजू कळली, आता जागा

पुरवठ्याच्या बाजूचा दोष व्होल्टेज ड्रॉपने सापडतो. पॉइंट बंद, चावी ऑन. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हवर (बॅलास्ट असेल तर त्याच्या आधी). ०.५ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर दुसरी पिन एकेक जोड मागे सरकवत न्या. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो तो जोड गुन्हेगार. चांगल्या एका जोडावर ०.१ पेक्षा जास्त पडता कामा नये, स्विचवर ०.२ पर्यंत चालवून घेतो. आकडा बघता बघता दुसऱ्याला चावी हलकेच वरखाली हलवायला सांगा, स्टिअरिंग कॉलममागचा जुडगा हलवा, फायरवॉलमधला ग्रोमेट दाबा. एका वेळी एकच गोष्ट हलवा, सगळं एकदम हलवलं तर काही कळणार नाही. गरम झाल्यावरच त्रास होत असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने स्विच, मग बॅलास्ट, मग कॉइल असं क्रमाने गरम करून बघा.

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. चावीचा स्विच पहिला: जड जुडग्याच्या वजनाने आतला कॉन्टॅक्ट झिजतो, त्याच्या मागचे स्पेड (चपटे कनेक्टर) सैल होतात आणि तापून तपकिरी पडतात. तुमच्या चावीला घराच्या चाव्या लटकत असतील तर त्या आजच काढा. जुन्या गाड्यांत गाडीचा जवळजवळ सगळा करंट अमीटरमधून जातो. त्याच्या मागचा नट सैल झाला तर इंजिनसोबत हॉर्न, वायपर सगळं एकदम मरतं. यासाठी सोपी खूण म्हणजे त्रासाच्या वेळी वायपर चालू ठेवा. इंजिनबरोबर वायपरही अडखळला तर कॉइलकडे बघायचं कारणच नाही. ब्रिटिश गाड्यांतले बुलेट कनेक्टर बाहेरून स्वच्छ दिसतात, आतल्या नळीवर कळंक चढलेला असतो. घासत बसू नका, नळीच बदला. आणि नंतर कोणी बसवलेला चोर-स्विच (चोरी टाळायला लपवलेला स्विच), अलार्म किंवा म्युझिक सिस्टीम: वायर न कापता चिमटा मारून जोड देणाऱ्या निळ्या क्लिपा सापडल्या तर आधी त्या काढा. त्या क्लिपेची पाती वायरीचे काही पेड कापते, उरलेले थरथरीने एकेक करून तुटतात. दोन्ही दिवे विझले आणि गाडीत चोर-स्विच आहे, तर मी दुसरीकडे कुठे बघण्याआधी तो उघडतो.

इन्सुलेशनच्या आत तुटलेली वायर डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. थिंबलपासून (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टर्मिनलपासून) काही सेंटीमीटरवर वायर वाकवून बघा. एका ठिकाणी ती अचानक मऊ लागते, किंवा हलकेच ओढल्यावर रबरासारखी ताणते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन बारीक वायरी असतात आणि दिवे जळत असताना काटा शून्यावर पडण्याच्या प्रकारात बहुतेक वेळा त्यातलीच एक दोषी निघते. एक बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाते. दुसरी फिरत्या बेसप्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडते, ती अर्थ. इनटेकचा व्हॅक्यूम, स्पार्कची वेळ पुढे-मागे करणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची डायफ्राम ओढतो तेव्हा ही प्लेट काही अंश फिरते, म्हणजे गाडी चालताना या दोन्ही वायरी सतत वाकत असतात. वर्षानुवर्षं वाकून आतले पेड तुटतात, इन्सुलेशन मात्र शाबूत राहतं. हलक्या थ्रॉटलवर व्हॅक्यूम जास्त, प्लेट पूर्ण फिरलेली, तेव्हाच लाइन तुटते. बऱ्याच गाड्यांत आयडलला प्लेट जागेवर असते, म्हणून गॅरेजमध्ये सगळं उत्तम. तपासायला कॅप काढा, पॉइंट बंद ठेवा, चावी ऑन करा आणि कॉइलच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा. ०.२५ व्होल्टच्या आत हवं. आता व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा किंवा प्लेट बोटाने फिरवा. आकडा उडाला तर सापडलं. पॉइंटवर तेलाचा ओशटपणा असेल तरी आकडा जास्त येतो, पण तो प्लेट फिरवल्याने बदलत नाही. तिथेच हेही बघा की पॉइंटच्या टोकाची चकती किंवा वायरीचं थिंबल प्लेटला घासत तर नाही, आणि इन्सुलेटिंग वॉशर योग्य क्रमाने आहेत. नवे पॉइंट घाईत बसवताना ते थिंबल थोडं फिरून राहतं, आणि मग प्लेट फिरली की शॉर्ट.

इंजिनच्या अर्थचं माप स्टार्टर फिरवताना घ्या, कारण तेव्हाच त्यातून मोठा करंट जातो. कॉइलची एचटी लीड डिस्ट्रिब्युटरमधून काढून पक्की अर्थ करा (हवेत लोंबत सोडू नका, कॉइलचं आतलं इन्सुलेशन फुटू शकतं), मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढा, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा, मग आवळा. चोक किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल तर अर्थची पट्टी काम करत नाही आणि स्टार्टरचा करंट त्या केबलमधून परततो आहे.

दुरुस्तीबद्दल थोडंच. कॉइलच्या पुरवठ्याला १.५ ते २ चौरस मिमीची, बारीक पेडांची वायर. थिंबल योग्य पकडीने क्रिंप करा, पक्कडीने चेपू नका. डाग द्यायचा (सोल्डर करायचा) असेल तर जाणून घ्या की कथिल वायरीत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन तुटते, म्हणून जोडापासून ५-७ सेंटीमीटरवर वायर बांधून आधार द्या. वर गोंदवाली हीट श्रिंक नळी. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या दोन वायरींसाठी मात्र साधी वायर चालत नाही. तिथे अतिलवचीक, खूप बारीक पेडांचीच हवी, नाहीतर नवी वायर जुनीपेक्षा लवकर तुटेल, शिवाय तिच्या कडकपणामुळे प्लेट अडेल. लांबी इतकी ठेवा की प्लेट दोन्ही टोकांना जाताना ती ताणली जाणार नाही आणि रोटरलाही लागणार नाही. पॉइंटला हात लावलाच आहे तर गॅप तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे करा (अशा बऱ्याच इंजिनांत तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो) आणि त्यानंतर टायमिंग तपासा, कारण गॅप बदलला की टायमिंग सरकतं.

दुरुस्तीनंतर दिवे लगेच काढू नका, ज्या रस्त्यावर आणि ज्या तापमानाला त्रास व्हायचा तिथे दोन-चार वेळा जाऊन या. आणि दोष अजून सापडला नसेल तर पुढचं विचारताना या चार गोष्टी सांगा: झटक्याच्या वेळी कुठला दिवा विझला, टॅकोमीटरचा काटा काय करत होता, कॉइल बॅलास्टची आहे का, आणि बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जोडलं आहे.